पाणीपट्टी तेवढीच राहणार, मग पाणी वाचवून पैसा दिसतो कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यात तीन एकर ऊस, काळं रान, नदीवरच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं पाणी, पट्टी एकरावर ठरलेली. विचारणारे धाकटे बंधू, त्यांना ठिबक करायचंय. थोरले म्हणतात, पाणी वाचवलं काय अन् न वाचवलं काय, पट्टी तेवढीच द्यायची, मग लाख-दोन लाख रानात पुरायचे कशाला?

थोरल्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे हे आधी सांगतो. मी वीस-बावीस वर्षं ह्याच कामात आहे, उपसा योजनांची डिझाइनं, ठिबकचे सर्व्हे, क्षारपड (मीठ फुटलेल्या) रानात पाइप टाकायची कामं, आणि ठिबक विकणारा कुणीही ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. पन्नास टक्के पाणी वाचतंय असं सांगतात आणि कोटेशन देऊन जातात. अहो पण वाचलेल्या पाण्याचे पैसे कोण देणार? संस्था तर देत नाही. म्हणून मी उलट्या बाजूनं सांगतो, पाणी वाचवल्याचा पैसा पाणीपट्टीत शोधूच नका, तिथं तो नाहीच. तो खताच्या पोत्यात आहे, कारखान्याच्या काट्यावरच्या टनात आहे, आणि सगळ्यात जास्त तुमच्या जमिनीतच आहे, जी पोरांच्या नावावर जायची आहे.

आता आकडे. दोनशे लिटरचं बॅरल घ्या, तुमच्या चेंबरवर, म्हणजे संस्थेचं पाणी रानात सुटतं त्या कुंडीवर, पाणी सुटलं की तोंडाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. धरा वीस सेकंदात भरलं. म्हणजे सेकंदाला दहा लिटर, तासाला ३६ हजार लिटर. लाइट आठ तास, म्हणून मोटर आठ तास, म्हणजे एका पाळीला एकराला २ लाख ८८ हजार, आपण तीन लाख धरू. आता उसाला लागलं किती? एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. एप्रिल-मेमध्ये मोठा ऊस दिवसाला पाचेक मिलिमीटर पितो, म्हणजे वीस हजार लिटर, दहा दिवसांची पाळी धरली तर दोन लाख. थंडीत दिवसाला तीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे दहा दिवसांचं जेमतेम सव्वा-दीड लाख. आणि आपण दिलं तीन लाख, थंडीतपण तीन लाख, कारण लाइट थंडीतपण आठ तासच असते ना. उसाला किती पाणी पाजायचं हे ऊस ठरवत नाही आणि आपणही ठरवत नाही, लाइटचं वेळापत्रक ठरवतंय. रात्रपाळी असली की अजून वाईट, माणूस सऱ्यांची दारं (पाणी वळवायची तोंडं) मोडून बांधावर जरा टेकतो आणि पहाटे बघतो तर शेजाऱ्याच्या रानातपण तळं.

तर उन्हाळ्यात लाखभर आणि थंडीत दीड लाख लिटर पाणी मुळाच्या खाली जातंय. ते मोकळं जात नाही, युरिया घेऊन जातंय. युरियातलं नत्र जमिनीत थोड्या दिवसांत नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर चालायला लागतं, त्याला काळी माती धरून ठेवू शकत नाही. सरीच्या तोंडाकडचा ऊस बघा आणि शेपटाकडचा बघा. तोंडाकडं सतत ओल, पानं फिकट, खालच्या कांड्या आखूड, मुळं काळपट. मधला पट्टा चांगला. माणूस म्हणतो रान कसदार नाही तिथं, आणि अजून एक पोतं टाकतो. रान कसदारच आहे, तिथं मुळाला श्वास मिळत नाही. वाफसा म्हणजे मातीत हवा आणि पाणी दोन्ही असणं, आणि ऊस वाढतो तो वाफशात. दहा दिवसांतले पहिले चार-पाच दिवस चिखल असला तर तेवढे दिवस वाढ थांबलेलीच धरा.

आता मिठाचं गणित, हे थोरल्यांना मुद्दाम वाचून दाखवा. नदीच्या पाण्यात क्षार असतातच, विहीर-बोअरच्या पाण्यात त्याहून जास्त. धरा लिटरला अर्धा ग्रॅम, चवीला कळणारपण नाही. वर्षाला वीस पाळ्या, पाळीला तीन लाख लिटर, म्हणजे साठ लाख लिटर. त्यातून एकरात आलं तीन हजार किलो, म्हणजे तीन टन मीठ. दरवर्षी. ऊस पाणी पितो, मीठ मागं ठेवतो. वर गगनबावड्याकडं पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं सगळं धुऊन जातंय. शिरोळला पाऊस पाचशेच्या आसपास, त्यात काळी खोल जमीन, निचरा नाही, मग ते जाणार कुठं? खालची पाणीपातळी वर येत राहते, तीन फुटांवर आली की मातीच वातीसारखं पाणी वर ओढते, ते उडून जातं आणि मीठ वर राहतं. आधी बांधाकडंला पांढरं फुटतं, मग उगवण तुटक होते, मग खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटणारा ऊस) धरत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांत मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात नुसती लव्हाळी.

मी असल्या एका रानात खड्डा काढला होता. मालक सत्तरीचे, बांधावर उकिडवे बसलेले. पहिली दोन खोरी कोरडी माती, वर पापडासारखी पांढरी खपली, बोटानं मोडली तर कुरकुरत होती. दीड फुटाला माती चिकट, निळसर, वास येत होता. तीन फुटाला खोऱ्याच्या पात्याखालनं पाणी झिरपायला लागलं आणि पाच मिनिटांत खड्ड्यात वीतभर पाणी. मेचा महिना, दोन महिने त्या रानाला कुणी पाणी दिलेलं नाही. आजोबा म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वक्ताला हितं विहीर खणताना वीस फुटांपर्यंत पाणी नव्हतं." एवढंच बोलले. ते वीस फूट कुणी भरले, तर आपणच भरले, पाळीपाळीनं.

हे रान परत आणता येतं, शिरोळमध्ये दत्त कारखान्याच्या पुढाकारानं खूप एकर क्षारपड जमिनीवर हे काम झालंय, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढायचा. पण खर्च बघा, चर काढणं, पाइप, त्यावरची जाळी, मेन पाइप, आणि ते पाणी न्यायचं नाल्याला, म्हणजे खालच्या दहा-वीस शेतकऱ्यांच्या रानातनं जावं लागतंय, एकटा माणूस करूच शकत नाही. पुढं जिप्सम, ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत, दोन-तीन हंगाम कमी उत्पन्न. आणि ज्यांनी केलं त्यांनी पाणी पाजायची पद्धत बदलली नाही तर ते पाइप वर्षानुवर्षं आपलंच जादा पाणी वाहत बसणार. म्हणून माझा हिशेब असा, पाण्यावरचा खर्च हा आजच्या उत्पन्नासाठी थोडा आणि जमीन मरू नये म्हणून जास्त. तुमचं रान अजून चांगलं आहे म्हणता, म्हणजे तुम्ही स्वस्तातल्या टप्प्यात आहात.

आता ठिबकचा एकरी हिशेब. हे आकडे धरलेले आहेत, तुमच्या पावत्यांवरचे घालून परत करा. पाच फुटी सरी असली तर एकराला २,६५० मीटरच्या आसपास नळी लागते, त्यावर सबमेन, व्हॉल्व्ह, फिल्टर, खत सोडायची व्हेंचुरी. एकरी साठ हजार धरा. अनुदान आत्ता विसरा. सहा वर्षं टिकलं तर वर्षाला दहा हजार, वर दुरुस्ती, नळ्या साफ करायचं ॲसिड, उंदरांनी कुरतडलेले जॉइंट, ह्याला दोन हजार, एकूण बारा. समोर काय मिळतं, पाच टन ऊस वाढला तर हातात तीन हजारांनी पंधरा हजार. खतात चार-पाच हजार, पण पुड्यांतली महागडी विद्राव्य खतंच वापरायचा हट्ट केला तर ही बचत त्यातच जाते, म्हणून युरिया, पांढरा पोटॅश असली विरघळणारी साधी खतं सोडा, महागड्या पुड्या गरजेपुरत्याच. पाणी पाजायच्या मजुरीत पाच-सहा हजार, किंवा तुमच्या स्वतःच्या वीस रात्री, त्याची किंमत तुम्हीच लावा. सगळं चांगलं जमलं तर पंचवीस हजार. पाचच्या जागी दोनच टन वाढले तरी पंधरा-सोळा. म्हणजे अनुदानाशिवायसुद्धा बसतंय, फार थाटात नाही पण बसतंय. अनुदान धरलं, अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेत ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४५ आणि ७५, तर मग विचारायलाच नको. फक्त ती टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही, आणि सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती यायच्या आधी माल उचलू नका. पैसे यायला उशीर होतो, तो धरूनच उसनवारी करा.

पण थांबा, इथं एक अडचण आहे आणि ती कोटेशनवाला सांगणार नाही. ठिबकला पाणी रोज किंवा दिवसाआड लागतं, आणि तुमची संस्था पाळी देते दहा-बारा दिवसांनी. रोजचं पाणी आणणार कुठनं? तीन एकराला उन्हाळ्यात रोज साठ हजार, दहा दिवसांचं सहा लाख लिटर कुठंतरी साठवायला पाहिजे. विहीर असेल आणि तिचं पाणी चांगलं असेल तर प्रश्न मिटला, पाळीच्या दिवशी विहिरीत सोडा. नसेल तर शेततळं, चार गुंठे जागा आणि दहा फूट खोली, अस्तरासकट, त्याचा खर्च वेगळा आणि चार गुंठ्यांचा ऊस गेला तो वेगळा. मी आठ-दहा ठिकाणी बघितलंय, ठिबक बसवलं, साठवण नाही, मग पाळी आली की आठ तास ठिबक चालवायचं आणि पुढचे अकरा दिवस बंद. ऊस सुकतो, माणूस चिडतो, नळ्या गुंडाळून शेडवर टाकतो आणि गावभर सांगतो ठिबक चालत नाही. डिझाइनच चुकलेलं असतं, नळीचा दोष काय त्यात.

तसंच पूरपट्ट्यातलं रान. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. त्या पाण्यात नळ्या वाहून जातात, ज्या राहतात त्यांच्या तोट्यांत गाळ बसतो, ॲसिड मारूनपण निघत नाही. रानात दर दोन-तीन वर्षांनी आठवडाभर पाणी थांबत असेल तर तिथं सहा वर्षांचा हिशेब धरता येत नाही, तिथं मी ठिबक करा म्हणत नाही.

मग अशांनी आणि साठवण नसलेल्यांनी काय करायचं? जवळजवळ फुकटातलं करायचं, आणि खरं सांगायचं तर तुम्हीपण आधी हेच करा. एक, पाचट (तोडणीनंतरचा वाळलेला पाला) पेटवायचं बंद. खोडव्याला पाचट सरीत दाबलं की उन्हाळ्यात ओल टिकते, पाळी चार दिवस लांबली तरी चालतं, आणि एकराला तीन-चार टन सेंद्रिय माल रानातच राहतो. काडी लावायला एक मिनिट लागतं आणि सगळं जातं, मला हे बघवत नाही अजून. दोन, मोठ्या उसाला सरीआड सरी पाणी, ह्या पाळीला एक, पुढच्याला दुसरी. तीन, सरीची लांबी. चारशे-पाचशे फूट लांब सरी शेवटपर्यंत भिजेपर्यंत तोंडाकडं दुप्पट पाणी मुरलेलं असतं, मधे पाट काढून ती निम्मी करा. चार, घड्याळ. थंडीत आठाच्या जागी चार तास. मोटर बंद करायला हात उचलत नाही माहीत आहे, आपल्या वाटणीचं पाणी सोडलं असं वाटतं. पण सोडलेलं पाणी मीठ घेऊन आपल्याच रानात येणार होतं.

आता संस्थेचं. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, त्यामुळं घरच्या मोटरवाल्याला विजेची किंमत कळतच नाही. संस्थेच्या मोठ्या मोटरांना ती सवलत लागू नाही, तिथं बिल येतं आणि ते सभासदांच्याच अंगावर येतं. तीस मीटर उंचीवर एक लाख लिटर पाणी चढवायला पंप-मोटरची झीज धरून पंधराएक युनिट जातात. दोनशे एकरांची संस्था, एकराला पाळीमागं एक लाख लिटर जादा, वर्षाला वीस पाळ्या, साठ हजार युनिट झाली. पाच रुपये दर धरला तर तीन लाख रुपये, मुळाच्या खाली घालवलेल्या पाण्यासाठी! थोरले म्हणतात पट्टी तेवढीच, पण ती पट्टी दर दोन वर्षांनी वाढते ती कशामुळं, हे पुढच्या वार्षिक सभेत विचारा.

एका संस्थेत मी तासावर पट्टी लावा म्हणून तीन वर्षं सांगत होतो. मेन लाइनचा एक जॉइंट गळत होता, तिथं बारमाही गवत, पोरं म्हशी धुवायची. अंदाजे सेकंदाला दोन लिटर. सोळा तास पंप चालला की दिवसाला एक लाख पंधरा हजार लिटर जात होतं, म्हणजे जवळजवळ सहा एकरांचं उन्हाळ्यातलं रोजचं पाणी. दुरुस्ती दोन दिवसांची होती. सभेत विषय निघायचा आणि पट्टी सगळ्यांची सारखी म्हणून कुणालाच घाई नसायची, शेपटाकडचे बारा-पंधरा सभासद तेवढे बोंबलायचे आणि त्यांचा ऊस वाळायचा. मला त्या कामात यश आलं नाही, सरळ सांगतो. पुढं उपसाबंदीत, म्हणजे नदीतनं पाणी उचलायला बंदी आली तेव्हा, एका उन्हाळ्यात दोन पाळ्या हुकल्या तेव्हा कुठं तो जॉइंट बदलला.

उपसाबंदीवरनं एक आठवलं. नदीला बारमाही पाणी असतंय हे आपण गृहीत धरतो, पण ते आपोआप आलेलं नाही. शाहू महाराजांनी १९०२ ला संस्थानचं पाटबंधारे धोरण जाहीर केलं, पुढं भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं, काम मधे रखडलं, पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. धरणातलं पाणी नदीत सोडायचं आणि ते खाली ठिकठिकाणी बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालून अडवायचं, म्हणून कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पावसाळ्यात बरगे काढले की पूर मोकळा, पावसाळा संपला की परत घालायचे. आपला ऊस, गुळाचा बाजार, एवढे साखर कारखाने, दूध संघ, सगळं त्या गुंतवणुकीवर उभं आहे. पण राधानगरीची साठवण ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), ती तेवढीच राहणार, आणि खाली मोटरा वाढत चालल्यात. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाटबंधारे खातं टप्प्याटप्प्यानं उपसाबंदी लावतं. तेव्हा ज्याच्या रानात पाचट आहे, मुळं खोल गेलीत, तळ्यात किंवा विहिरीत आठवड्याचं पाणी आहे, त्याचा ऊस हिरवा राहतो. मेमध्ये पंधरा दिवस ताण बसलेल्या उसाच्या कांड्या आखूड पडतात आणि ते नुकसान पुढं कितीही पाऊस पडला तरी भरून येत नाही. चेंबरला पाणीच नसतं तेव्हा साठवलेल्या लिटरची किंमत किती, हे त्या पंधरा दिवसांत थोरल्यांना विचारून बघा.

तर तुम्ही असं करा. ठिबकचं ह्या हंगामाला घाईनं ठरवू नका. पाचट, सरीआड सरी आणि घड्याळ आत्ताच सुरू करा, ह्याला दादांची हरकत असणार नाही कारण खिशातनं काही जात नाही. विहीर आहे का, तिचं पाणी तपासलंय का, रानात पूर येतो का, ह्या तीन गोष्टी मला कळवा. विहीर असली आणि पूर येत नसला तर पहिल्यांदा तीनपैकी एकाच एकरात करा, शेजारचं एकर जुन्या पद्धतीनं ठेवा, दोन्हीचं वजन आणि दोन्हीच्या खताच्या पावत्या वेगळ्या ठेवा. घरात वाद घालण्यापेक्षा काट्याची पावती दाखवलेली बरी.

आणि मातीचे नमुने. एक सरीच्या तोंडाकडचा, एक शेपटाकडचा, दोन्ही ठिकाणी वरच्या फुटाची माती वेगळी आणि दोन ते तीन फुटांतली वेगळी, म्हणजे चार पिशव्या. सावलीत वाळवून अर्धा-अर्धा किलो, प्रयोगशाळेत सामू (पीएच), क्षारता आणि सोडियम तिन्ही करायला सांगा, नुसतं नत्र-स्फुरद-पालाश नको. पिशवीवर पेननं लिहिलेलं पुसून जातं, म्हणून गट नंबर आणि खोली लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून पिशवीच्या आत टाका. खालच्या मातीची क्षारता वरच्यापेक्षा जास्त आली तर मला लगेच फोटो पाठवा, मग ठिबकच्या आधी निचऱ्याचं बोलू.